चौथऱ्याखालच्या चपला

काकांबरोबर जीपने कुठेही निघालं की वाटेतल्या थोरामोठ्यांच्या समाध्यांपाशी थांबावंच लागे. संताची समाधी असो, पिराची कबर असो की नावाजलेल्या पैलवानाची, काका चपला काढत, डोकं टेकवत आणि मगच पुढच्या कामाला लागत. "मेलेला मोठा माणूस जित्या आमदारापेक्षा कामाला येतोय," म्हणत. मी नांदेडला कॉन्व्हेंटच्या होस्टेलात होते. लाजाळू. दगडांवर कोरलेलं वहीत उतरवून घ्यायचे. तेवढा वेळ कुणाशी बोलावं लागत नसे.

चुडाव्याजवळच्या एका गावाबाहेर, रस्त्यालगत एक निळा चौथरा होता. तिथे एका गायकाला मूठमाती दिली होती. बौद्धवाड्यातला, पण त्याला ऐकायला लांबलांबून बैलगाड्या यायच्या. तिथे मात्र काका कधी उतरले नाहीत. एकदा मी हट्ट धरला तेव्हा जीप थांबवून तोंड वळवून बसले.

"आवाज लय होता गड्याचा. पर डोकं टेकवायचं ठिकाण हाय का हे?"

फरशीवरचं मी उतरवून घेतलं: 'इथे गाणारा निजला आहे. वाटसरा, रडू नको. मोठ्याने गा.'

मग विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि गावोगाव बौद्धवाड्यांतली घरं पेटली. शाळा बंद झाली. काका मला न्यायला आले तेव्हा जीपमध्ये त्यांचे दोन दोस्त होते. वाटेत एका वस्तीवर दाव्याला बांधलेली म्हैस जागच्या जागी भाजून पडली होती. पुढे एक म्हातारा कान दाबून रस्त्याकडेला बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं आणि तो एकाच सुरात विव्हळत होता.

"म्हातारं गाणं म्हणायलंय बघ," एक दोस्त हसला.

"गाण्यावरनं आठवलं," काका म्हणाले. "पुढं त्या चौथऱ्याजवळ थांबव."

त्या दिवशी काका तिथे पहिल्यांदा उतरले. हातात पहार होती. चौथऱ्यापाशी गेल्यावर त्यांनी सवयीने चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि पहार उचलली. तिसऱ्या घावाला फरशी फुटली. मग ते तुकड्यांवर घाव घालत राहिले. एक कपचा त्यांच्या तळव्यात घुसला. दोस्तांनी उचलून आणलं. मी रुमाल बांधला. माझे पांढरे मोजे लाल झाले.

"कुणाला बोलू नको, बाई," काका म्हणाले, मग दोस्तांकडे बघून, "म्हणजे ही बोलतीय कवा म्हणा!"

तिघंही हसले. पूर्णा आल्यावर काकांना चपला आठवल्या. मागे फिरायला कुणी तयार झालं नाही.

दोन वर्षांनी, कॉलेजला जाताना, मी चुडाव्याला आगगाडीतून एकटीच उतरले आणि चालत तिथे गेले. गायकाची बायको चौथऱ्याला गिलावा करत होती. नवी फरशी कोरीच होती.

"काय लिवलं व्हतं ते तिघं तीन तऱ्हेनं सांगायलेत," ती म्हणाली. "मला कुठं वाचता येतंय?"

मी वहीतलं पान फाडून वाचून दाखवलं. तिने ते माझ्यामागून दोनदा म्हटलं, पान पदरात बांधलं.

"कवा लिवून घेतलंस, माय?"

"फुटायच्या आधी."

"आन फुटलं तवा?"

गप्प राहणं मला येत होतं. गाडीही अजून मिळाली असती.

"जीपमध्ये होते. माझ्या काकांनी फोडलं."

तिच्या हातातली थापी माझ्या अंगावर येईल असं वाटलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती घराकडे चालली होती. परत आली ती काकांच्या चपला घेऊन. पुसलेल्या, वादीला तेल लावलेल्या.

"चपला काढून फोडणारा कोन आसंल, दोन वर्सं ह्योच इचार करायले मी. दे त्याला. म्हणावं, आता पायात घालून ये."

मी कॉलेजला गेले नाही. घरी परतले. काका ओसरीवरच्या खाटेवर चहा पीत होते. त्यांच्यासमोर चपला ठेवल्या आणि तिचा निरोप शब्द न चुकता सांगितला, सगळ्यांदेखत. तेव्हापासून दुखणारा तो पाय तेवढा काकांनी खाटेखाली ओढून घेतला.