मनगटावरची टकटक

फोन वाजला तेव्हा मी सुनंदाचीच वाट पाहत होते. संध्याकाळ झाली होती, आईला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं होतं आणि सुनंदा शेजारी असल्याशिवाय ते करायची माझी छाती होत नसे. फोनवर तिचा मुलगा होता. "आंटी... मम्मी नहीं रहीं." दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. मी मोबाइल हातात धरून उभी, आणि खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी भीती आली. पलंगावरून आई माझ्याकडे बघत होती. अर्धांगवायूने तिचे शब्द गेलेत, पण नजर सगळं विचारते.

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आमच्याच मोहल्ल्यात, राइट टाउनमध्ये, दोन गल्ल्या सोडून राहायची. पेशाने फिजिओथेरपिस्ट आणि तोंडाने फटकळ! मागच्या वर्षी मी स्कूटरवरून पडले, उजवा तळवा रस्त्यावर टेकून. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं म्हणून मी खूश. पण पुढे एकदा आईला उचलताना मनगटात कट् झालं आणि आई माझ्या हातातून सुटली. पलंगावरच पडली म्हणून वाचली, पण ते कट् माझ्या कानातून गेलं नाही. मनगटातल्या दोन बारक्या हाडांना बांधणारा अस्थिबंध स्कूटरवरून पडले तेव्हाच फाटला होता; एक्स-रेत तो दिसत नाही. मी त्याला नस म्हटलं की सुनंदा भडकायची. "नस नाही गं बाई! हाडाला हाड बांधणारी वादी आहे ती. चपलेचा अंगठा अर्धा तुटल्यावर तू पळशील का?"

मग तिने मला माझ्याच हाताची ओळख करून दिली. टॉवेल पिळला की करंगळीच्या बाजूला ताण येतो. तळवा मागे वाकवून, टेकून उठलं की वजन नेमकं त्या फाटक्या जागी जातं. मनगट सरळ ठेवलं तर तेच वजन वर कोपराकडे जातं. आणि सगळ्यात कमी ताणाची हालचाल कोणती, तर ग्वारीघाटावर आपण नर्मदेत फूल टाकतो ती. मनगट अंगठ्याच्या बाजूने मागे जातं आणि करंगळीच्या बाजूने तिरकं पुढे उतरतं. सुरुवातीला तिने माझ्याकडून तेवढंच करून घेतलं. मी रिकाम्या हाताने हॉलमध्ये फुलं टाकायचे आणि आई अर्ध्या ओठाने हसायची.

उचलायची वेळ आली की मात्र मी मागे सरायचे. "काहून घाबरून राहिली? मी आहे ना इथं." सुनंदा आईच्या कमरेला पट्टा बांधायची, मी तो धरला की माझ्या मनगटावर मागून दोन बोटांनी टकटक करायची. "सरळ. अच्छा, चलो." ती टकटक झाल्याशिवाय मी आईला कधी उचललं नाही. तू नसलीस तर काय गं, असं एकदा विचारलंही होतं. "मी कुठं जाऊन राहिली? चहा टाक," म्हणाली.

तेराव्यानंतर तिच्या घरच्यांबरोबर ग्वारीघाटावर गेले. फूल टाकलं. हात आपोआप तिने शिकवला तसाच फिरला, जरासुद्धा दुखला नाही... आणि मला तिथेच हुंदका फुटला.

तेव्हापासून शेजारचे भैया येऊन आईला उचलून देत होते. परवा ते बाहेरगावी, पनागरला अडकले. आई खुर्चीकडे खुणा करत राहिली. शेवटी मीच पट्टा बांधला, धरला, आणि तशीच वाकून उभी राहिले. कानात तेच कट्. पुन्हा सुटली तर? या वेळी ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि खाली फरशी होती. नकोच ते, म्हणून मी बोटं सैल केली, तेवढ्यात मनगटावर टकटक झालं.

आईने आपला चांगला हात उचलला होता. दोन बोटं माझ्या मनगटावर तशीच ठेवून ती खुर्चीकडे बघत होती.

मी मनगट सरळ केलं. भीती गेलेली नाही, अजूनही घाबरतेच. रोज संध्याकाळी पट्टा धरते आणि टकटक होईपर्यंत थांबते.