डाव्या हाताची वेणी

या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचसे अर्ध्यात सोडून देते. भूत, करणी, अंगात येणं... कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते कॅमेऱ्यात आहे आणि मी ते स्वतः तीनदा पाहिलंय. म्हणून लिहितेय.

मी कोल्हापुरातल्या एका वस्तुसंग्रहालयात काम करते — नाव देत नाही. वय बावन्न. हुद्दा ‘नोंदणी सहाय्यक’. म्हणजे पानदान, अडकित्ते, समया, झुली, जे काही कपाटांत आहे ते एकेक बाहेर काढायचं, मोजायचं, फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर माहिती भरायची. त्यात एक रकाना ‘कारागीर’ असा असतो. तिथं मी दिवसभर एकच शब्द टाकते — अज्ञात. वस्तू कुणी वापरली, कुणी भेट दिली, सगळं सापडतं. केली कुणी, ते नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं. कॉपी, पेस्ट... पुढची वस्तू.

अजून एक सांगायला हवं. मी शिरोळकडच्या जैन घरातली. माहेरी चामड्याचा पट्टासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. सगळा जन्म याच जिल्ह्यात गेला, पण कोल्हापुरी चप्पल मी कधी पायात घातली नाही. ती करायला शिकणं तर लांबच. मला साधं बटण धड लावता येत नाही.

उन्हाळा नुकता लागला होता. दुपारचे तीन. खोक्यातून एक चपलांचा जोड निघाला. कुणा व्यापाऱ्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेला, चप्पल बनते कशी ते लोकांना दिसावं म्हणून. एक चप्पल पुरी, दुसरी अर्धवट. तिच्या पट्ट्यावरची वेणी मध्येच थांबलेली आणि गुंफायच्या राहिलेल्या चामड्याच्या बारीक वाद्या नुसत्या लोंबत होत्या. वाळून पापडासारख्या कडक. ओढली तर तुटेल अशी अवस्था.

मी हातमोजे घातले, लांबी मोजली, रकाने भरले. आणि मग एकदम थकवा आला. झोप नव्हे... वर्षानुवर्षांचं काम अंगावर आल्यासारखा थकवा, आणि त्यातही ‘एवढं उरकून टाकू’ अशी घाई.

पुढचं आठवतं ते हे, की घड्याळात पावणेचार झाले होते. हातमोजे फरशीवर पडले होते. तोंडाला कसलीशी तुरट चव होती. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला होता. आणि समोर चपलेची वेणी पुरी झालेली होती!

तेवढ्यात आमच्या अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, मॅडम आत आल्या. संग्रहातल्या वस्तूला हात लावून ती बदलणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा.

“पाटीलबाई, हे काय केलंत तुम्ही?”

“मी नाही केलं मॅडम.”

त्यांनी मला खोलीतल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर बसवलं.

स्क्रीनवर मीच होते. शांतपणे मोजे काढले. उजवा पाय सपातेतून काढून स्टुलावर घेतला आणि पट्ट्याचं टोक पायाच्या अंगठ्यात दाबून धरलं. एकेक वादी तोंडात घालून थुंकीनं ओली केली, दातांतून ओढून मऊ केली आणि गुंफायला लागले — डाव्या हातानं. मी सगळं उजव्या हातानं करते. खाली एकदाही बघत नव्हते. मध्ये दोनदा थांबून डावा अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरून बसले, मग पुन्हा सुरू.

तोंडात चामडं बघितल्यावर मी उठून बेसिनकडे पळाले.

“कुठं शिकलात, खरं सांगा,” मॅडम परत परत विचारत होत्या. लेखी खुलासा मागितला. कोऱ्या कागदासमोर मी तासभर बसले. ‘मला काही आठवत नाही’ एवढं लिहून सही केली आणि नोकरी गेली असंच धरून चालले.

ती वेणी इजा न होता उसवता येईल का, हे विचारायला मॅडमनी दोन दिवसांनी मारुतीमामांना बोलावलं. वडगावचे हे जुने चप्पल-कारागीर, सत्तरी उलटलेली. घडलेलं त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, वेणीवरून बोट फिरवलं, आणि ते बोट तिथंच थांबलं.

“अर्धी जुनी हाय, अर्धी नवी हाय,” ते म्हणाले. “पर हात एकच हाय.”

“म्हणजे?”

“ही डावरीची वेणी हाय मॅडम. पीळ बघा की, उलटा जातोय. आमच्यात डावरी एकच हुती. माझी आई, सोनाबाई. जाऊन चाळीस वर्सं झाली तिला.”

“कुणी बघून तशीच केली असेल...”

“करून दाखवा की! साठ वर्सं ह्यात गेली माझी, मला जमत न्हाई.”

मॅडम वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेल्या. मामा चप्पल मांडीवर घेऊन बसून राहिले. मग हळूच म्हणाले, “एक दिवस आई अशीच वेणी अर्धी टाकून उठली, ती परत कामाला बसलीच न्हाई. वडील वरडले, मी वरडलो. माझी बायको नवी हुती, सगळं तिच्यावर पडलं. आई गप. मरूस्तवर गप.”

मी पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, तुमीच केलंसा न्हवं हे?”

मी होकारार्थी मान हलवली.

“करताना... हात दुखला काय?”

दुखण्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. मी डावा हात पुढे करून अंगठ्याचं मूळ दाखवलं. “इथं. मनगटापर्यंत कळ जाते. सकाळी कणीक मळवत नाही.”

मामांनी वाकून माझा अंगठा बघितला.

“आमी तिला कामचुकार म्हणायचो की ओ, बाई,” ते म्हणाले. “तोंडावर म्हणायचो.”

वेणी उसवू नका, एवढंच त्यांनी मॅडमना सांगितलं. ती तशीच ठेवली. माझी नोकरीही राहिली, का ते मी विचारलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. ताण असेल म्हणाले. असेलही. पण ताणानं न शिकलेली वेणी कशी येते, तेही डाव्या हातानं, हे ना त्यांना सांगता आलं ना मला. विचार करूनही आता दमायला होतं.

मामा अधूनमधून फोन करतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतात, “आईचा हात कसा हाय?”

पहिल्यांदा मी गडबडले होते. आता सांगते — आज जरा बरा आहे.