खालाचं दुसरं रक्त

आमच्या प्रयोगशाळेला एकाच माणसाचं रक्त दोनदा लागायचं. पहिलं ताप अंगात असताना आणि दुसरं तीन आठवड्यांनी, माणूस उठून कामाला लागल्यावर. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तपासली की ताप कोणत्या विषाणूचा होता ते खात्रीनं सांगता येई. नुसत्या पहिल्या रक्तावर फक्त संशय घेता यायचा. पहिलं रक्त मिळवणं त्या मानानं सोपं, कारण आजारी माणूस हात पुढे करतो. बऱ्या झालेल्या माणसाला सुई टोचून घ्यायचं काही कारणच नसतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी तेवीस वर्षांची, पुण्यात नारायण पेठेत आईबरोबर राहत होते आणि नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. कोकणातल्या एका खाडीकाठच्या वस्तीतून तापाची खबर आली. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण सांधे असे धरतात की माणसाला ताठ उभं राहता येत नाही, असं कळलं होतं. वस्ती मासेमारी करणाऱ्या मुसलमान कुटुंबांची. तिथल्या बायका परक्या पुरुषाला हात लावू देणार नाहीत, म्हणून आमच्या डॉक्टरांनी मला जीपमध्ये घेतलं. डॉक्टर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. मूळचे मंगळूरकडचे, अतिशय कमी बोलणारे, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

त्या वस्तीत विहिरीचं पाणी मचूळ होई, म्हणून गोडं पाणी लांबून आणून दारोदार पिंपांत साठवलेलं असे. डॉक्टरांनी पहिल्याच पिंपात विजेरीचा झोत टाकला आणि मला आत बघायला सांगितलं. पाण्यात अळ्याच अळ्या वळवळत होत्या. डास कुठून येतात हा प्रश्न तिथेच संपला. ते कोणता ताप पसरवतायत हे मात्र रक्तच सांगणार होतं, आणि रक्त द्यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी एक बाई पुढे आली. पन्नाशी उलटलेली, विधवा, मासळी विकणारी. सगळी वस्ती तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. ती भिंतीचा आधार घेत ओसरीवर आली. अंगात सणकून ताप होता. पंधरा-वीस बायका बघत असताना तिनं बाही वर केली. मी सुई घातली आणि शीर निसटली. सुई आतल्या आत फिरवून पाहिली तरी रक्त येईना. दुसऱ्यांदा टोचल्यावर नळी भरली. खाला हूं की चूं करत नव्हती. ती उठल्यावर तिच्या जागी दुसरी बाई येऊन बसली, मग तिसरी. त्या दिवशी आम्ही सतरा नळ्या भरल्या. निघताना मी तिला सांगितलं की तीन आठवड्यांनी येते आणि ताप कसला होता ते सांगते.

तीन आठवड्यांनी गेलो तर खालाच्या दाराला कुलूप. बायका लांब उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक पुढे येऊन म्हणाली की खालाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पडला, मग तिला अंथरुणातून उठता येईना, जावई येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. पंधरा दिवस झाले, काही बातमी नाही. ती कदाचित गेलीही असेल. आता कुणीही रक्त देणार नाही.

परतताना जीपला घाट लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "निळं पडलं ते सुईमुळे की आपोआप?"

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. डेंगीच्या एका प्रकारात त्वचेखाली रक्त उतरतं, आणि त्यात माणूस दगावतो. तसं असेल तर सबंध वस्तीला धोका होता. मी शीर चुकल्याचं त्यांना सांगितलं. तोपर्यंत ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, की चूक माझीच असू दे.

"आधी बाईंना शोधा," डॉक्टर म्हणाले. "रक्ताचं नंतर."

शोधायचं कसं? रजिस्टरात खालाचं नाव होतं, जावयाचं नव्हतं. शेजारणींकडून कळलं होतं ते एवढंच, की तो कसबा पेठेत राहतो आणि भांड्यांना चांदी लावतो. मी दोन दिवस चांदीवाल्यांची दुकानं पालथी घातली. मुलामा देणारे, पॉलिश करणारे, देवाची उपकरणी घडवणारे, सगळ्यांना विचारलं. कोकणातली सासू असलेला कारागीर कुणालाच माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी जेवायला नको म्हणाले, तेव्हा आईनं काय झालं ते सगळं विचारून घेतलं. ऐकून ती पोळ्या लाटता लाटता थांबली.

"अगं, आतून चांदीसारखं पांढरं करतो तो कल्हईवाला," ती म्हणाली. "डोळ्यांना न दिसणारे जंतू सापडतात तुम्हाला, आणि कल्हईवाला सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता मी थेट कसब्यात गेले. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदार तराजू पुसत होते. ते म्हणाले, कल्हईवाले तीन आहेत. ज्यांच्या सासूबाई कोकणातून आल्यात ते हवेत, असं मी सांगितलं.

"सासवांची नोंद आम्ही ठेवत नाही," ते म्हणाले. "पण पलीकडच्या गल्लीत एका घरातून पंधरा दिवस सुक्या बोंबलांचा वास येतोय. तिथे बघा."

त्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस जमिनीतल्या छोट्या भट्टीवर पातेलं धरून बसला होता. नवसागराचा पांढरा धूर निघत होता. मी त्याला काही विचारण्याआधीच त्याच्या पाठीमागच्या दारातून बोंबलांचा वास आला, आणि दाराच्या आत, पाटावर, पाय लांब करून तांदूळ निवडत बसलेली खाला मला दिसली.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मला रडू आवरेना. तिची मुलगी घाबरून पाणी घेऊन आली. खालानं मला नीट निरखलं. तिची बोली मला लिहिता येणार नाही, पण ती म्हणाली ते असं, "रक्त न्यायला आलीस ना पोरी? मग रडतेस कशाला?"

मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. निळं ओसरलं होतं, कोपराशी थोडीशी पिवळी झाक राहिली होती. मनगटं मात्र सुजलेली. हिरड्यांतून रक्त, अंगावर दुसरीकडे कुठे डाग, असं काही झालं का ते मी विचारलं. तसं काहीच नव्हतं. निळं पडलं ते फक्त मी टोचलं तिथेच.

जावई भट्टी सोडून आत आला होता. मी कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. तो पुण्यात वाढलेला, स्वच्छ मराठीत त्यानं मला सुनावलं की एकदा हात निळा केलात तेवढा पुरे, अम्मीला परत सुई लागणार नाही. त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हणाले, "चूक माझी होती. शीर निसटली आणि मी ते कुणाला सांगितलं नाही."

यावर खाला म्हणाली, "निसटली ते मला तेव्हाच कळलं होतं. बायका मागे उभ्या होत्या म्हणून गप्प बसले. मी ओरडले असते तर तुला एकीनंही हात दिला नसता."

मग तिनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं आणि हात पुढे केला. जावई भट्टीकडे परत गेला. सुई आणि नळी माझ्या पिशवीत होतीच. या वेळी पहिल्याच टोचणीत नळी भरली.

वस्तीतल्या बायका ती मेली असं समजून बसल्यात, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिला राग आला. आपल्या चार कोंबड्या आतापर्यंत कुणीतरी खाल्ल्या असणार, असं तिचं म्हणणं. मला तुमच्या गाडीत घाला, म्हणाली. दुपारी डॉक्टर स्वतः येऊन तिला तपासून गेले. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "हे निळं तुमच्या सुईचंच काम." इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी बोलणी खाल्ली नाहीत. सांधे दुखत असताना घाटाचा प्रवास नको म्हणून त्यांनी तिला पाच दिवस थांबवलं, दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि मगच जीप काढली.

वस्तीत जीप थांबली तेव्हा बायका दारातच उभ्या होत्या. खाला माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरली. तिनं आधी कोंबड्या मोजल्या. चारही होत्या, शेजारणीनं सांभाळल्या होत्या. मग तिनं बाही वर करून हात सगळ्यांना दाखवला आणि ओसरीवर फतकल मारून बसली. पुढचं काम तिनंच करून घेतलं. कुणाचा नंबर, कुणाचा ताप कधी उतरला, सगळं तिच्या तोंडी होतं. खालाचं धरून सतराच्या सतरा माणसांचं दुसरं रक्त आम्हाला मिळालं.

तपासणीला आम्ही प्रयोगशाळेत पाळलेल्या हंसांच्या रक्तपेशी वापरायचो. प्रत्येक विषाणूसाठी छोट्या खळग्यांची एक रांग असे; त्यांत तो विषाणू आणि माणसाचं रक्त घालून वर या पेशी सोडायच्या आणि वाट बघायची. आजारानंतर त्या विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं असतील तर पेशी तळाशी गोळा होऊन लाल ठिपका बसतो, नसतील तर पातळ चादरीसारख्या पसरतात. डेंगीच्या रांगेत खालाच्या दोन्ही रक्तांनी चादरच पसरली. चिकुनगुन्याच्या रांगेत पहिल्या रक्ताला काही नव्हतं, आणि दुसऱ्या रक्ताला एकामागून एक ठिपके बसत गेले. बाकीच्यांचंही बहुतेक तसंच निघालं. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, चष्मा काढला आणि खुर्चीत मागे टेकले. सांधे महिनोन्‌महिने छळतील, पण हा ताप सहसा जीव घेत नाही, एवढंच ते म्हणाले.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची आणि झाकून ठेवायची, हा त्यातला मुख्य मुद्दा. वस्तीला दुसरं पत्र मी लिहिलं, सोप्या मराठीत, खालाच्या नावे. तिला वाचता येत नव्हतं, पण मशिदीजवळच्या शाळेतले मास्तर ते वाचून दाखवणार होते. तापाचं नाव मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली लिहिलं की याने कुणी मरणार नाही, दुखेल मात्र खूप.

पत्र पेटीत टाकून मी घरी आले. आईनं पिठलं केलं होतं. मी दोनदा भात वाढून घेतला.