पाच किलोच्या पिशवीत वरवंटा

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे एक पिशवी तोलली. त्यानंतर ती विमानात बसली, ते काय साधं काम नव्हतं. आणि विमानानं गेली ती परत आलीच नाही. हे आधीच सांगून टाकतो. शेवटाला तुम्ही रुमाल काढून बसाल, ते मला नको.

मी चौथी शिकलेला माणूस. सोलापुरात आमचं किराण्याचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. एकच लेक, ती विलायतेत. जावई तिथल्या दवाखान्यात डॉक्टर. लेकीला दिवस गेले तसं जावयानं सासूचं तिकीट धाडलं. "मामा, तुम्ही पण या," असं मला म्हणाला होता. मी म्हटलं, बाळंतपणात माझं काय काम? मी काय तिथं शेगडी फुंकू? आणि दुकान कोण बघील?

विमानाचा कायदा जावयानंच कळवला. मोठी बॅग वीस किलोची. हातातली पिशवी पाच किलोची. त्याच्यावर एक लाडूसुद्धा चालणार नाही.

वीस किलोची बॅग हिनं एका दिवसात भरली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, कडक भाकरीची चवड, आणि वर आपली सोलापुरी चादर. चादरीनंच निम्मी बॅग खाल्ली.

मी म्हटलं, "तिकडं पांघरुणं मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत असतील की. मिळंना का. माझी नात त्यांच्या पांघरुणात निजायची न्हाई."

नात होणार का नातू, हे अजून देवालाबी ठाऊक नव्हतं. हिला ठाऊक होतं.

राहिली हातातली पिशवी. तिच्यात दोन लुगडी, बाळाची कुंची, शेंगाचटणीचा डबा. लेकीनं तिकडून एकच वस्तू मागितली होती, आईच्या हातची चटणी. बाकी काय आणलं नाही तरी चालंल म्हणाली होती. आणि पिशवीच्या तळाला, लुगड्याच्या घडीत लपवून, वरवंटा.

आमच्या पाट्यावरचा वरवंटा. काळा कुळकुळीत दगड, मधी फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. मी पिशवी उचलली तर खांदा उतरला.

"अगं, ह्यात काय, दगड घातलायस का काय?"

"दगड न्हवं. वरवंटा."

आमच्यात बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालायची, बाळासारखा सजवायचा, बायांनी पाळण्याच्या खालनं-वरनं एकमेकींच्या हातात द्यायचा, आणि मग बाळाला पाळण्यात ठेवायचं. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. हे मला ठाऊक होतं, पण म्हणून विमानातनं?

मी म्हटलं, "विलायत काय लोण्याची हाय का? तितं दगड मिळत न्हाईत?"

"दगड मिळतील. हा मिळंल का?"

मी पिशवी खाली ठेवली. आमची पहिली दोन लेकरं बारशाच्या आतच गेली. तिसरीच्या बारशाला हाच वरवंटा पाळण्यात निजला होता, आणि तिसरी जगली. जगली ती अशी, की आज विलायतेत जाऊन इंग्रजीत भांडती. हिच्या मनात हिशोब सरळ होता. हा दगड पोचला पाहिजे. चटणी राहिली तर लेक रुसंल, वरवंटा राहिला तर...

संध्याकाळी दुकानात तराजूवर पिशवी तोलायला घेतली. टांगलेला तराजू, एका पारड्यात पाच किलोचं लोखंडी वजन, दुसऱ्यात पिशवी. शेजारच्या चादरी विणणाऱ्या मागावाल्याची बायको पायरीवर बसून मजा बघत होती. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. मला अण्णा म्हणायची, हिला वहिनी.

बघतो तर पिशवी पाच किलोला वर तरंगायलीय. हे कसं? एकटा वरवंटाच तीन किलोला टेकलेला.

"अंगठा काढ," मी म्हटलं.

"कसला अंगठा?"

"पारड्याखाली लावलायस तो. जन्म गेला माझा ह्या तराजूमागं. कुणाचा अंगठा कुटं असतोय, मला कळतं."

शेजारीण पदरात तोंड घालून हसली. हिनं अंगठा काढला आणि पिशवी दाणकन खाली बसली.

मग उपसाउपशी. एक लुगडं बाहेर. "एकावर एक नेसून जाते की," म्हणाली. पिशवीतला चपलांचा जादा जोड काढला. डब्यातली चटणी चार बोटं कमी केली, ती मी तिथंच खाल्ली. शेवटी पारडी समोरासमोर आली. पिशवीचं पारडं किंचित खाली झुकल्यावर मी हात सोडला.

"पाच. बरोबर."

"अण्णा, काटा सरळ कुटं हाय?" शेजारीण म्हणाली.

"झुकतं माप हाय ते. असंच असावं."

माझ्या बापानं मला दुकानात बसवलं तवा पहिला धडा हाच दिला. गिऱ्हाइकाचं पारडं खाली गेल्याबिगर हात सोडायचा नाही. बायकोबी मान हलवत म्हणाली, "विमानवाला खूश होईल." आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही, की विमानतळावर झुकत्या मापानं कुणी खूश होत नसतं.

शेजारीण उठता उठता म्हणाली, "वहिनी, पाटा-वरवंट्याची जोडी फोडू नगा हो. पाटा एकटा राहतोय."

"चार महिन्यांनी आणते की माघारी. तवर बसंल पाटा गप, ह्यांच्यासारका."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. कुर्डुवाडीला च्या पिताना मी म्हटलं, पिशवी खाली ठेव. ठेवली नाही. मुंबईपर्यंत मांडीवर घेऊन बसली.

विमानतळावर काउंटरमागं टाय लावलेला एक पोरगेला माणूस होता. मराठी बोलणारा निघाला, म्हणून मला धीर आला. त्यानं मोठी बॅग घेतली. मग पिशवी काट्यावर ठेवली. काटा पाचावर आला, थोडा थांबला, आणि पुढं सरकला.

"बाबा, वजन जास्त आहे."

"जास्त न्हाई, बरोबर हाय. झुकतं हाय जरा."

"झुकतं म्हणजे जास्तच ना?"

"जास्त न्हवं हो. इमानाचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग काट्याकडं बघितलं. "तुमचं इमान पाव किलो जास्त भरतंय, बाबा. काहीतरी काढा."

हिनं पिशवी उघडली. चटणीचा डबा हातात घेतला, परत ठेवला. वरवंटा हातात घेतला, छातीशी धरला. मागं रांग खोळंबली.

तो पुढं वाकला. "आजी, हे काय आहे?"

"वरवंटा. तुझ्या बारशाला आईनं पाळण्यात निजवला असंल की तुझ्याआधी."

"निजवला असेल. पण तो विमानानं नव्हता आला."

मी हळूच म्हटलं, "अगं, वरवंटा दे माझ्याकडं. चटणी जाऊ दे लेकीला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पुढं केलेला हात मागं घेतला. मग पिशवीतनं कुंची काढली. खणाची, कडेला लाल गोंडे लावलेली, आठ दिवस बसून हातानं शिवलेली. ती वरवंट्याला घातली. टोकाला बंद बांधले. आणि त्याला खांद्यावर घेऊन थोपटायला लागली.

"आता तोल पिशवी."

काटा दोनाच्या आसपासच थांबला.

"आणि हे?" त्यानं खांद्याकडं बोट केलं.

"हे लेकरू हाय. खांद्यावरच्या लेकराला तोलता व्हय तुमी?"

"तोलत नाही. पण आजी, लेकराला तिकीट लागतं."

"अजून जन्मलंच न्हाई, तर तिकीट कसलं?"

रांगेत खसखस पिकली. मागची एक बाई म्हणाली, "अरे, जाऊ दे त्यांना." त्या पोराला हसू आवरंना, आणि टाय लावलेल्या माणसाला हसायची बंदी असल्यासारखा तो खाली तोंड करून तिकीट फाडत राहिला.

"नाव काय बाळाचं?" त्यानं विचारलं.

"नाव ठेवायलाच तर निघालेय, बाबा."

त्यानं पिशवीला कागदाची चिठ्ठी बांधली. मग अजून एक चिठ्ठी घेतली आणि कुंचीच्या गोंड्याला बांधली. "सांभाळून न्या," म्हणाला.

पिशवी हलकी झालेली बघून हिच्या डोक्यात लगेच दुसरं आलं. "अहो, जागा झाली की हो. तुमच्या शिदोरीतल्या चटणीची पुडी द्या. न्हाई, राहू द्या. तुमाला माघारी जाताना लागंल." एवढंच बोलली. निरोपाचं वगैरे काही नाही.

कठड्याच्या पलीकडं गेल्यावर मात्र थांबली. वळली. वरवंट्याचं तोंड माझ्याकडं केलं आणि त्याला हलवत म्हणाली, "टाटा कर आजोबाला."

लोक बघत होते. मीबी हात हलवला. दगडाला टाटा करणारा अख्ख्या विमानतळावर मी एकटाच असणार.

वरवंटा पोचला. नातच झाली. बारशाला जावयाच्या दवाखान्यातल्या चार गोऱ्या बाया बोलावल्या होत्या. त्यांच्या हातात कुंची घातलेला दगड दिल्यावर त्या घाबरल्या, मग खालनं-वरनं इतक्यांदा दिला-घेतला, की बाळ तिकडं भुकेनं रडायला लागलं. नात आता लई दणकट आहे म्हणे. दुपट्यातनं लाथ मारून आईच्या हातातला कप पाडला.

पुढं थंडीत, यायला पंधरा-वीस दिवस राहिले असताना, हिच्या छातीत कळ आली. जावई डॉक्टर, दवाखाना समोर, तरी काय उपयोग झाला नाही. अस्थी घेऊन तो आला. त्याच्या हातातल्या पिशवीचं वजन कुणी केलं का, हे मी त्याला विचारलं नाही. तो म्हणाला, "मामा, वरवंटा पुढच्या खेपेला आणू का?" मी म्हटलं, राहू दे तिकडंच. अजून एखादं लेकरू होईल तुम्हाला.

पण मला सांगायचं होतं ते विमानतळाच्या दुसऱ्या दिवशीचं. तवा ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी सोलापूर ठेसनावर उतरलो, घरी आलो. भूक लागलेली. शिदोरी वाटेतच संपलेली. शेजारणीनं दोन भाकरी आणून दिल्या. म्हटलं, लसणाची चटणी वाटू, त्यात काय मोठं? पाटा भिंतीला टेकून उभा होता. तो आडवा केला, धुतला, लसूण-मिरची-मीठ त्याच्यावर टाकलं, आणि वरवंट्यासाठी हात मागं नेला.

हाताला नुसती भिंत लागली.

मग उठलो, दुकानात गेलो, दोन किलोचं लोखंडी वजन आणलं. ते सहा कोनाचं. वरवंटा पाट्यावर लोळतो, हे नुसतं घसटतं. लसणाच्या पाकळ्या उडून चुलीमागं गेल्या. तरी वाटली चटणी. भरड, लोखंडाच्या वासाची, दोघांना पुरंल एवढी. खाल्ली. वजन पाण्यानं धुतलं, धोतराला पुसलं, आणि दुकान उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक शेजारीणच. दोन किलो तूरडाळ. मी डाळ पारड्यात घातली.

ती नाक वर करून म्हणाली, "अण्णा, डाळीला लसणाचा वास यायलाय की हो."

"डाळीला न्हवं," मी म्हटलं, "वजनाला."

ती हसली. मी अजून ओंजळभर डाळ टाकली, आणि तिचं पारडं खाली गेल्यावर हात सोडला.