तुळशीपाशी ठेवलेला दगड

आमची ही भूगोल शिकवायची आणि दगड चाटायची. कोरड्या दगडाचे कण दिसत नाहीत, ओला केला की दिसतात, हे तिचं शास्त्र. माझ्या हातातली पाण्याची बाटली तिला कधी आठवायचीच नाही. "घरी जेवायला मिळत नाही का गं?" असं मी चिडवायचो. दगडावरची नजर न हटवता ती म्हणायची, "जरा गप्प बसा."

तिला ऊलाइट हवा होता, तोही गारगोटी झालेला. उथळ समुद्रात चुन्याचे गोल कण साठून हा दगड होतो. पुढे कधीतरी चुना निघून जातो, त्याच्या जागी गार येते, कण मात्र जसेच्या तसे राहतात. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा, इथे तो कुठला मिळायला? तरी निवृत्तीनंतरही दर रविवारी आम्ही बारामतीहून निघायचो आणि कळस, अंथुर्ण्याकडचे ओढे पालथे घालायचो.

अखेर अंथुर्ण्याजवळच्या ओढ्यात तिने मुठीएवढा दगड उचलला, चाटला, भिंग लावलं. राजगिऱ्याच्या वडीसारखे दाणेच दाणे! चाकूने ओरखडा उठेना. लिंबू पिळलं, फेस नाही, म्हणजे चुना उरलेला नाही. ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मग म्हणाली, "हा इथला नव्हे. कुणीतरी आणलाय. कुणी, ते आता कधी कळायचं नाही."

तो तिने तुळशीपाशी ठेवला. रोज तुळशीला पाणी घालताना त्याच्यावरही घालायची आणि दाणे बघत उभी राहायची.

या उन्हाळ्यात ती गेली. खांद्यावर मडकं घेऊन मी चितेभोवती फिरलो, मागून तिच्या भावाने दगडाने मडक्याला भोकं पाडली. दगडाकडे बघायचं भान कुणाला होतं! त्या दगडाला जीवखडा म्हणतात. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात असतो, अशी समजूत. तो बदलायचा नाही, हरवायचा नाही, दहाव्याला नदीत सोडायचा. भावाने तो फडक्यात बांधून जिवापाड जपला.

दहाव्याला नीरेच्या काठी फडकं सोडलं. मी तीळ-पाणी वाहिलं आणि दगडावर दाणे उमटले.

मी भावाकडे पाहिलं. तो बिचारा घाबरला. "तितं मसणात सगळं पेव्हर ब्लॉक हायती, दाजी. दगड कुठनं मिळायचा? म्हणून निघतानाच तुळशीपासला उचलला. काय चुकलं का?"

"नाही रे," मी म्हणालो.

या समजुतींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दुसराच दगड पाण्यात सोडावा आणि हा खिशात घालावा, असं मनात आलंच. जन्मभर शोधून तिला एवढा एकच मिळाला होता. पण तो ओला दगड हातात धरला आणि तिचा जीव यात नाही, असं काही मला म्हणवेना. मग तिला खिशात कोंडून कसं ठेवू? मी तो हळूच जिभेला लावला. लोकांना वाटलं, नमस्कार करतोय. मग सोडला.

कधीतरी तो नीरेच्या वाळूत कुणाला तरी सापडेल. ओला करून, भिंग लावून तो माणूस म्हणेल, हा इथला नव्हे, कुणीतरी आणलाय. कुणी, ते त्याला कधी कळायचं नाही.