लिंबाची पानं

ऋताचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या आठवडी बाजारात मेथी घेत होते. तिचं नाव दिसलं आणि मेथीची जुडी तशीच टाकून मी फोन घेतला. ऋता ही माझ्या अक्काची सून, सातवा महिना लागलेली, आणि भरदुपारी फोन करायची तिला सवय नाही. "मावशी, आई..." एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "बाळ बरं आहे ना?" बाळ बरं होतं. अक्का गेली होती. भाजी चिरता चिरता छातीला हात लावून खाली बसली, ती उठलीच नाही. सख्ख्या बहिणीच्या मरणाची बातमी ऐकताना मला क्षणभर हायसं वाटलं. महिना उलटला तरी त्याची लाज वाटते... पण खरं ते खरं.

बाळाबद्दलची ही भीती कुठून आली ते सांगते. ऋता पुण्याची. माहेरी आई नाही, आणि पहिल्या वेळी तिसऱ्याच महिन्यात गर्भ गेलेला. म्हणून या खेपेला अक्काच्या मुलानं तिला हिंगोलीला आईजवळ आणून ठेवलं. पण चौथा महिना लागला तरी पोरीच्या पोटात काही ठरेना. वरणाच्या फोडणीचा वास आला की ती उठून मोरीकडे पळायची. अक्काचा जीव टांगणीला. "चार दिस झाले, लेकरू निस्त्या पाण्यावर हाय," असं ती मला फोनवर सांगायची. शेवटी एके दिवशी ऋता म्हणाली की थाई करी मिळाली तर खाईन. अक्कानं विचारलं, "कोन्या ताईची?" त्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं असेल तर त्या दिवशी.

करी करायची ठरली. हिरव्या वाटणाची बाटली ऋताकडे होती. अक्कानं नारळ खवून, पिळून दूध काढलं, कुंडीतला गवती चहा तोडला. ऋता पलंगावरून एकेक सांगत होती आणि अक्का एकेक टाकत होती. हळद घालायची नाही म्हटल्यावर मात्र तिनं कमरेवर हात ठेवले. "हळदीच्या हिंगोलीत ऱ्हाऊन हळदीबिगर कालवन? लोक काय म्हनतील?" तरी ऐकलं. मग ऋता म्हणाली, "आता लिंबाची चार-पाच पानं, हातानं चुरून." अक्का फाटकाजवळच्या झाडाची पानं घेऊन आली. ऋतानं वाटीभर करी भाताबरोबर खाल्ली, पुन्हा थोडी मागितली, आणि ती तिच्या पोटात राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा अक्का अंगणात माझी वाटच बघत होती. कालचं सगळं तिनं कौतुकानं सांगितलं, आणि पानांपाशी आल्यावर मी ओरडलेच, "अगं, ती लिंबूची पानं म्हणत असेल!" आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब, लिंबू वेगळं. पुण्याच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? आणि अक्का म्हणाली, "पाडव्याला खातोच की आपुन. म्या म्हनलं, तिकडं कालवनात टाकत असतील." इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण माझी जीभ लहानपणापासून अशीच, आधी बोलते आणि मग विचार करते. मी म्हणाले, "गरोदर बाईला कडुलिंब देतात का कुठं?"

अक्काचा चेहरा उतरला तो पुन्हा खुलला नाही. "पोरीला सांगू नको. ती भिईल, आन् भ्याली की काय व्हईल सांगता येत न्हाई. तुला माझी आन हाय." डॉक्टरीणबाईंना विचारू म्हटलं, तर त्यालाही नाही. सोनोग्राफी चांगली आली तरी तिचा विश्वास बसेना. मशीनला सगळं दिसतं का, म्हणायची. ऋता खायला लागली, अंगावर भरली, आणि इकडे अक्का वाळत चालली. लोक म्हणत, सुनेची काळजी करून राहिली. मला खरं कारण ठाऊक होतं आणि मी गप्प होते.

चौदावा झाल्यावर मला राहवेना. अक्काची आण मोडून मी ऋताला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मावशी, मला पहिल्याच घासाला कळलं होतं. एवढं कडू लिंबूचं पान कुठं असतं?" करी खाल्ली त्याच दुपारी तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं होतं. चार पानांनी काही होत नाही, घाबरू नका, फक्त परत खाऊ नका, असं त्या म्हणाल्या होत्या.

"मग अक्काला काहून नाही सांगितलंस?"

"इतक्या दिवसांनी माझ्या पोटात काही राहिलं म्हणून त्या किती खूश होत्या... चूक कशी दाखवू?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी अक्काचा लाकडी पाट तसाच होता. गुडघे दुखायचे म्हणून ती त्यावर बसूनच सगळं करायची. ऋतानं तो हलवलेला नाही. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि जे तीन महिने कुणीतरी बोलायला हवं होतं ते मोठ्यानं बोलले, "अक्का, काही झालं न्हाई गं. लेकरू चांगलं हाय."