बन्सीच्या रेकॉर्डची अडकणारी जागा

माणसानं मरावं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण निदान आलेलं पार्सल उघडून तरी मरावं! पोळा होऊन आठवडा झाला नव्हता. गेवराईत माझ्या खत-बियाणांच्या दुकानात उमापूरहून फोन आला, माझा जुना दोस्त बन्सी गेला. झोपेतच गेला. खरं सांगतो, आधी रागच आला मला. नुकतंच त्याच्या ओसरीवर बसून मी घसा कोरडा केला होता, की उघड बे ते खोकं. तर हा म्हणाला, "दसऱ्याला पूजा करू, मंग लावू. घाई कावून करतूस?"

खोक्यात नवी रेकॉर्ड होती. तिची जुनी बहीण, म्हणजे तीच रेकॉर्ड जुनी, बन्सीनं कॉलेजात असताना औरंगाबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. परदेशातल्या कुठल्याशा हॉलात लोकांसमोर वाजवलेलं ब्लूज-रॉक, आरोळ्या-शिट्ट्यांसकट. शब्द आम्हा दोघांच्याही डोक्यावरून जायचे. पण मध्येच सगळे थांबायचे, इलेक्ट्रिक गिटार एकटीच कळवळत वर वर चढायची, आणि बन्सी डोळे मिटून मांडी थोपटायचा. बागायतदाराचं पोरगं, गावी जाऊन ऊस लावणार होतं, आणि वेड हे असलं!

पुढं गावी पहिल्याच खंडेनवमीला या शहाण्यानं काय करावं? नांगर, मोटर, ट्रॅक्टर यांची पूजा झाली, त्यांच्याच रांगेत रेकॉर्ड मांडली, आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं थेट तिच्या काळ्या रेघांवर ओढली. वर अक्षता! मी बघतच राहिलो. म्हटलं, अरे, प्लेअरच्या डब्याला लाव की, रेकॉर्डला कशाला? तर म्हणे, "डबा काय, रिकामा वाजतोय व्हय? वाजती ती ही." धुतली, पुसली, आणखीच बिघडवली. गिटार टोकाला पोचायची त्याच जागी सुई अडकायला लागली ती कायमचीच. मग प्लेअरच्या लाकडी डब्यावर बोटाच्या पेराची एक टिचकी, की सुई उडी मारून पुढं. बन्सी शेतात असला की कौसावहिनी स्वयंपाकघरातून येऊन टिचकी मारून जायच्या. डब्याचं पॉलिश तेवढ्या जागी पांढरं पडलंय.

टिचकीनं सुटणाऱ्या त्या तुकड्यात पूर्वी काय ऐकलं होतं, यावरनं आम्ही जन्मभर भांडलो. बन्सी म्हणायचा, टोकाला गेल्यावर तो गिटारवाला हसतो. मी म्हणायचो, कोण कशाला हसंल? "तुला काय कळतंय बे, लई खुशीत हसतोय त्यो!" पोरांची लग्नं झाली, गुडघे गेले, भांडण तेच. शेवटी त्याच्या पुण्याच्या लेकीनं बघितलं की तीच रेकॉर्ड नव्यानं निघालीय, आणि मागवून दिली. आता निकाल लागणार होता... आणि ह्याला मुहूर्त हवा!

यंदा त्या घरात सण नव्हता. तरी खंडेनवमीला वहिनींनी अवजारं मांडली आणि मला बोलावलं. खोकं मीच उघडलं. त्यांनी कुंकवात बोट बुडवलेलं दिसलं आणि मी ओरडलोच, "वहिनी, रेकॉर्डला नको!" त्या म्हणाल्या, "मला न्हाई का कळत, भावजी?" आणि डब्याला बोट लावलं.

रेकॉर्ड लावली. गिटार चढत गेली, ती जागा आली, आणि वहिनींचा हात आपसूक उठला. टिचकी! नीट चाललेली सुई उडाली, नेमका तेवढाच तुकडा सोडून पुढं गेली. कपाळावर हात मारला मी. "अवो, काय केलंत हे!"

"सवय हाय, काय करू," म्हणाल्या, आणि हात पदराखाली धरून बसल्या. मी सुई मागं नेली. गिटार पुन्हा चढली, पार टोकाला गेली, थांबली... आणि लोकांच्या गलक्याआधी तो माणूस हसला. स्वच्छ, खुशीत.

"हसला की वो," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

हसला. बन्सीचंच खरं निघालं. मला ते त्याच्या तोंडावर कबूल करायचं होतं, वर चार शिव्या घालायच्या होत्या, आणि हा पठ्ठ्या जागेवरच नाही. मी त्या पांढऱ्या पडलेल्या जागेवर जोरात टिचकी मारली. रेकॉर्ड तोवर संपली होती.